मास्तरांना कधी सांगायचं

आमच्या शिवणकारखान्यात मी कटिंग मास्तर आहे. बायको गेल्यापासून इथलीच माणसं मला घरच्यासारखी. काल वाफेच्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असलेली आमची सगळ्यांत धाकटी कारागीर चक्कर येऊन खाली बसली. बायका पाणी घेऊन धावल्या, तेव्हा मला कळलं की तिला पाचवा महिना लागलाय. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त मला नाही. आणि दिवसभर उभं राहायचं ते काम तिला मीच लावलं होतं.

त्या बायकांसमोर मान वर करवेना, म्हणून उलटा तिच्यावरच चढलो. "अगं, मी काय तुला खाल्लं असतं? की पोर चालायला लागल्यावर सांगणार होतीस?"

"बाकीच्यांनी आपापलं ओळखलं, मास्तर. तुम्हाला मात्र मी स्वतः सांगणार होते," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर जेवणाच्या सुट्टीत तुमच्यापाशी येऊन बसायचे."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतं का?"



"दर वेळी तुम्ही वहिनींचं सांगायला लागायचात, आणि सुट्टी संपायची."