आजोबांचे प्रसंग

मुलीच्या पहिल्या सिनेमात आजोबांचं काम मी करतोय. मानधन लागत नाही, एवढीच माझी पात्रता. काल आमच्या जेवणाच्या टेबलावर खर्चाचा अंदाज ठरत होता. तिनं क्रेन काढली, दिवे कमी केले, स्वतःचं मानधनही खोडलं. पण आजोबांचे सगळे प्रसंग पहिल्याच आठवड्यात उरकायचे, त्यांच्या घरातले बाकीचे शेवटी, हा हट्ट काही सोडेना.

"खिशात दमडी नाही आणि त्यापायी तेच घर दोनदा भाड्यानं घ्यायचं?" निर्मिती सांभाळणारा तिचा मित्र वैतागला. "बाबा काय कुठे पळून चाललेत?"

"घेऊ दोनदा," ती कागदावरून मान वर न करता म्हणाली.


डॉक्टर काय म्हणाले, ते मी तर अजून घरात कुणालाच सांगितलेलं नाही.