चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग

दादा जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याचा कॉम्प्युटर आम्ही टाकून दिला नव्हता. त्यात त्याच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं, चाळीस सेकंदांचं. अलीकडे तेही अडखळत वाजायचं, म्हणून रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरमधलंच डीफ्रॅगचं टूल सुरू केलं. डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले फाइलचे तुकडे ते गोळा करून एकापाठोपाठ लावतं.

आई शेजारी मटार सोलत बसली होती. "बिघडवू नकोस हं काही. तेवढंच उरलंय त्याचं."

"नाही गं. सगळं फक्त नीट लावतेय."

तासाभराने काम संपलं. "आई, झालं बघ," मी म्हटलं. आधी आपण ऐकून बघावं म्हणून मी हेडफोन लावला.

दादा नेहमीसारखा बोलला, हसला. चाळीस सेकंद संपले, पण रेकॉर्डिंग थांबलं नाही.

थोडी खरखर झाली आणि माझाच आवाज आला. "आई, झालं बघ."

मग आईचा आवाज आला. "थांब, दूध उतू जाईल. गॅस बंद करून येते." पावलं लांब गेली. काहीतरी जड पडलं. आणि मग पुन्हा मी, रडत, "आई, डोळे उघड ना. आई."

मी हेडफोन ओढून काढला. आई शेजारीच होती.

"काय गं, वाजतंय ना नीट?" तिने ताट बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांब, दूध उतू जाईल."