शब्दकोशाचं शिसं

"शाळेच्या पुस्तकांचं शिसं संपलं. आता हे," असं म्हणत लेफ्टनंट रुओनं छापखान्याच्या भिंतीलगतच्या मांडणीकडे हात केला.

मांडणीत आन्सेल्म कोर्व्हाझिएचा शब्दकोश होता. एकेक पान छपाईच्या शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवून दोऱ्यानं बांधलेलं. छापलेलं मात्र एकही नाही. प्रशियनांनी पॅरिसला वेढा घातल्यापासून कागदाची गाडी शहरात आलीच नव्हती. हस्तलिखित होतं, ते त्याच्या बायकोनं, झेलीनं, याच थंडीत चुलीत घातलं. "शिशात आहे ना सगळं? मग कागद कशाला जपायचे?" म्हणाली. त्यानं मान हलवली. पुरुषांना मान हलवायला काय लागतं!

"वीस वर्षं लागली रे याला," आन्सेल्म म्हणाला.

"ठाऊक आहे, साहेब. तुमच्याच अंकलिपीवर अक्षरं शिकलो मी."

"आणि तिचंच शिसं परवा उचलून नेलंस," झेली म्हणाली. "चांगले पांग फेडलेस!"

रुओनं टोपी काढली. "काकू, किल्ल्यावर माणशी दोन गोळ्या उरल्यात. तुमच्या गास्तोंकडेही तेवढ्याच."

 झेली नवऱ्याकडे वळली.

"अहो, ऐकलंत ना? पोटचा पोरगा तिकडे बर्फात उभा आहे, आणि तुम्ही मांडणी अडवून उभे! माझं तोंड काय बघताय? भट्टी पेटवा."

भट्टी त्यानंच पेटवली. कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोरा सोडायचा, उलट्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचा, पान कढईत सोडायचं. मग पुढचं. मधलं एकही आधी घेतलं नाही. रुओ दाराशी चुळबुळत होता. जेवणासाठी हाका मारमारून जन्म गेलेली झेली आज मात्र त्याला घाई करा म्हणाली नाही.

उजेड उतरता उतरता साच्यातून निघालेल्या गोळ्यांनी टोपली भरली. रुओनं सलाम ठोकला आणि टोपली उचलली.

"थांब," आन्सेल्म म्हणाला. त्यानं टोपलीतली एक गोळी घेतली, खिडकीशी गेला, चष्म्याजवळ धरून हळूहळू फिरवू लागला.

"अहो, त्यात काय वाचताय?"

"चूक राहिलीय का, बघतोय."