नवा पासपोर्ट

प्राध्यापकमहाशय विभागप्रमुख बाईंच्या दाराबाहेर बसले होते. कोटाच्या आतल्या खिशात कालच मिळालेला नवा पासपोर्ट होता. आत बाईंच्या टेबलावर त्यांच्या नेमणुकीचा कागद होता. त्यावर दर वर्षी नव्याने सही व्हायची.

शेजारच्या खुर्चीवर यंदाच परदेशातून आलेली शिक्षिका. हिला अजून इथली भाषा धड येत नव्हती. बसचं तिकीट काढतानाही हातवारे करायची. वर्गात मुलं हिच्यावर हसली की हीही हसायची, बावळट कुठली. असल्यांमुळेच हे लोक आपल्यालाही परकं समजतात, असं मनाशी म्हणत महाशयांनी आपली खुर्ची जरा लांब सरकवली. अकरा वर्षं जिवाचा आटापिटा करून त्यांनी इथले उच्चार घोटले होते. तरी बाई त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलायच्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. त्याचा त्यांना मनस्वी राग होता.

पण आजपासून ते बंद. दोन देशांचे पासपोर्ट ठेवायची सोय नव्हती, म्हणून विद्यापीठात कुणाला न सांगता त्यांनी मायदेशाचा जुना परत करून टाकला होता. बायकोनं आपला मात्र सोडला नाही. "अहो, आता स्वतःच्या आईला भेटायला व्हिसा काढून जाणार का?" असं तिनं विचारलं, तर त्यांनी तिलाच वेड्यात काढलं.

आत बोलावणं आलं. "या... सर. बसा... इथे," बाई खुर्चीकडे बोट दाखवत मोठ्यानं म्हणाल्या. महाशयांनी पासपोर्ट काढला आणि हुकमाचा एक्का टाकावा तसा टेबलावर टाकला.

बाईंनी तो उघडून पाहिला. मग नेमणुकीचा कागद बाजूला सारला.

"अरे वा, अभिनंदन. पण मग घोळच झाला की हो. ही जागा परदेशी नागरिकासाठीच असते, करारात पहिल्याच ओळीत आहे, दर वर्षी सही करता ना तुम्ही? आता इथल्या उमेदवारांच्या रांगेत अर्ज टाका, दोन-तीनशे असतील तुमच्यापुढे. आणि जाताना बाहेरच्या त्या नवीन मॅडमना आत पाठवा."

महाशय उठले. सगळं त्यांना एका फटक्यात समजलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाई त्यांच्याशी भरभर, आपल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या होत्या.