दुसरी चाचणी

चौकशी अधिकाऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आई दवाखान्यात असताना तुम्ही परदेशातल्या भावाशी बोललात. कळवायचं राहून गेलं का?"

क्षेपणास्त्राच्या कामावरच्या माणसाने परदेशी फोन केला की कळवायचं, हा नियमच होता. तो फोन तिने दवाखान्यातून केला होता, आईची तब्येत सांगण्यापुरता. तेव्हा शेजारी फक्त नवरा उभा होता.

कमी पल्ल्याच्या नव्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी नुकतीच झाली होती. ते नीट उडालं, ढगांपर्यंत गेलं आणि एकाएकी वळून किनाऱ्याकडेच यायला लागलं. हवेतच फोडावं लागलं. दोष इंधनात होता, दिशा देणाऱ्या यंत्रणेत होता, की कुणी मुद्दाम काही केलं होतं, कळेना. नवरा इंधन विभागात, ती दिशेच्या. "मी पेटवतो, ही वळवते," असं तो पाहुण्यांना हसत सांगायचा. आता तो विनोद कुणी काढत नव्हतं.

"बरं, ते राहू द्या," अधिकारी म्हणाला. "तुमचे मिस्टर रोज संध्याकाळी बागेत जाऊन फोनवर कुणाशी बोलतात?"

नवरा धाकट्या बहिणीशी बोलायचा. तिचा संसार मोडायला आला होता आणि ते चारचौघांत व्हायला नको होतं. हिला सगळं ठाऊक होतं. पण मनात पाल चुकचुकली होती. दवाखान्यातल्या फोनचं यानेच सांगितलं असणार. मला पुढे करून हा सुटणार.

"बोलतो खरा," ती म्हणाली. "कुणाशी, ते मी कधी विचारलं नाही."

घरी नवऱ्याने, काय काय विचारलं म्हणून चौकशी केली. नेहमीचंच, ती म्हणाली. त्यालाही म्हणे नेहमीचंच विचारलं होतं. दोघं खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. तो घरी बसला. कुंड्यांना इतक्यांदा पाणी घालायचा की एक रोप कुजून गेलं. बहिणीलाही चौकशीला बोलावलं आणि तिच्या सासरी नको तो बोभाटा झाला. चहाडी कुणी केली असेल म्हणून तो विभागातल्या एकेकाचं नाव घ्यायचा. ती मान डोलवायची. दवाखान्यातला फोन तिसरंच कुणी ऐकत असेल, हे तिला फार उशिरा सुचलं. पण तेही नक्की कुठे होतं? नवऱ्याला विचारायचं, तर आपलंही सांगावं लागणार. तिने विचारलं नाही.

शेवटी दोष सापडला. हादऱ्यांनी एक तार जोडणीतून निसटली होती. ना इंधन, ना दिशा, ना कुणाचा हात. अधिकारी स्वतः घरी ओळखपत्र द्यायला आला. निघताना दारात दोघांकडे बघत म्हणाला, "घरच्या माणसावर राग धरू नका. आम्ही विचारलं की सांगावंच लागतं."

हे दोघांपैकी कुणाला होतं, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या चाचणीला दोघं प्रेक्षक कट्ट्यावर शेजारी शेजारी उभे होते. जमीन थरथरली. क्षेपणास्त्र धुराच्या खांबावर चढत गेलं आणि या वेळी सरळ गेलं. सगळ्यांच्या माना वर होत्या. तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

तो तिच्याकडेच पाहत होता.