डावा हात

शेवटचा सूर विरला आणि स्वयंपाकघरातला फ्रिज खडखडून सुरू झाला. तेजस्वीने पियानोच्या पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलले आणि समोर टेकवलेल्या मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर सलिल होता. मुंबईतल्या रेकॉर्डिंग कंपनीचा माणूस. तिचा अल्बम काढायचा की नाही, ते तो आज ऐकून ठरवणार होता.

या अर्ध्या तासासाठी तिने सहा महिने घातले होते. आंब्यांचा हंगाम संपला की ते पिकवायची अढीची खोली रिकामी पडे; लग्नात मुंबईहून आणलेला इलेक्ट्रिक पियानो तिथेच मावला होता. रोज दुपारी दोन ते चार ती आतून कडी लावून घ्यायची. बाहेर पडवीत चार वर्षांची ओवी. आधी हाका, मग दारावर थापा, मग रडं. सासूबाई ओरडायच्या, "उघड गो, पोर घामाघूम झालंय!" तेजस्वी पियानोचा आवाज वाढवायची. एकदा दार उघडलं, तर त्याला टेकून झोपलेली ओवी धपकन आत पडली. अंग तापलेलं होतं. तेजस्वीने तिला उचललं, औषध पाजलं, रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा कडी लावली.

लग्नाआधी चार वर्षं ती मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायची. "लोक जेवत होते गो तिथे," सासूबाई म्हणायच्या, "ऐकत कोण होतं?" खरंच होतं ते. तिला लोकांनी ऐकलं ते सासरी, रत्नागिरीत आल्यावर. बाळंतपणानंतर घरीच मोबाइलवर रेकॉर्ड केलेले तीन तुकडे तिने सहज इंटरनेटवर टाकले होते, आणि जॅझवाल्या मंडळींत तिचं नाव झालं. तिला मात्र त्या तुकड्यांची लाज वाटायची. अर्धवट वाजवणं ते! आपल्याला पुरतं वाजवता येतं, हे एकदा दाखवायचं होतं.

आज दार उघडं होतं. रेंज उंबरठ्याजवळच मिळायची, इलाज नव्हता. पडवीत सासूबाईंनी ओवीला मांडीत दाबून धरलं होतं आणि ओवी, पढवल्याप्रमाणे, तोंडावर बोट ठेवून बसली होती.

"उत्तम वाजवता," सलिल शेवटी म्हणाला. "पण त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये डावा हात मध्येच गप्प व्हायचा. वाट बघायला लावायचा, आणि मग एकच सूर. अंगावर काटा यायचा हो. तो हात कुठे गेला?"

तेजस्वी हसली. "अहो, त्या हातावर मुलगी असायची. दूध पीत. तिचा डोळा लागला की जेमतेम एक बोट मोकळं व्हायचं."

सलिल हसला नाही. "मग तेच तुमचं संगीत होतं, मॅडम. दोन्ही हातांनी असं वाजवणारे मला इथे ढिगानं मिळतात."

"थांबा! तसं वाजवते ना."

तिने डावा हात मांडीखाली दाबला आणि उजव्यानं सुरुवात केली. चार सुरांतच तिचं तिला कळलं. मांडीखालचा डावा हात नुसता रिकामा होता.

"राहू दे," सलिल हळूच म्हणाला. "ते जुने तीन तुकडे आम्ही काढतो. नवं काही नको." फोन बंद झाला.

"झालं गो?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

त्यांची पकड सुटताच ओवी उठली. पियानो चालू असताना आत यायची तिला सवय नव्हती. ती उंबरठ्यावर घुटमळली, मग भिंतीला धरून आईपाशी आली.

"आई, मी हातावर होते तेव्हा छान वाजायचं?"

"हो गो बाय."

"त्या काकांना तेच आवडलं?"

"तेच."

ओवीने जरा विचार केला.

"मग मला रोज बाहेर का ठेवायचीस?"