एक चापट

त्या पोराने सांबाराची वाटी ढकलून दिली आणि फरशीवर लोळण घेतली.

मरोळ नाक्यावरच्या उडपी हॉटेलात रविवारची गर्दी होती. पोर पाचेक वर्षांचं. अंगात पांढरा शर्ट, पायात नवे बूट. गोल्ड स्पॉटची दुसरी बाटली मिळाली नाही म्हणून टाचा आपटत किंचाळत होतं. आईबाप चर्चमधून थेट आले असावेत, दोघांचे कपडे कडक इस्त्रीचे. बापाने, गिल्बर्टने, वेटरकडून फडकं मागून घेतलं आणि ओणवा होऊन तो स्वतःच सांबार पुसायला लागला.

शेजारच्या टेबलावर जानकी आणि दशरथ हे नवराबायको बसले होते. घाटकोपरहून आले होते. पुढ्यातला चहा केव्हाच संपला होता. दशरथ मघापासून निघू या म्हणत होता, पण जानकी हलत नव्हती.

"असल्या पोराला एक ठेवून द्यायला पाहिजे," ती म्हणाली.

मागच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ लगेच बोलले. लाडानेच पोरं बिघडतात, आपल्या तिघांना आपण वेळीच सरळ केलं, असं त्यांनी सांगितलं. जानकीने मान डोलावली.

पोर लोळत लोळत तिच्या टेबलापर्यंत आलं. त्याचा बूट तिच्या नडगीवर जोरात बसला. तिने पाय मागे घेतला नाही.

ते बघून गिल्बर्टने हात उचलला. जानकी खुर्चीतून अर्धी उठली.

गिल्बर्टचा हात खाली आला तो पोराच्या कपाळावर. घामाने चिकटलेले केस त्याने मागे सारले.

मग त्याची बायको, पेट्रिशिया, फ्रॉक सावरत तिथेच फरशीवर बसली. लोक बघत होते. तिने पोराची पाठ चोळली. "रडून घे, बाबा. आमी हितंच हाय," एवढंच म्हणाली. पोर हळूहळू निवलं आणि तिच्या मांडीत शिरलं. तिने त्याचा बूट काढला, मोजा खाली सरकवला. टाच सोलवटली होती. तिने नवऱ्याला ती दाखवली. तो रुमाल भिजवून आणायला गेला.

"सॉरी हां. लागलं तुमाला?" पेट्रिशियाने जानकीला विचारलं.

"नाही. तुम्ही मारत नाही त्याला?"

"नाय हो."

"कधीच नाही?"

"त्याला मारलं तर आमालाच रडू येल," ती म्हणाली, आणि थोडी लाजली.

थोड्या वेळाने ते तिघं गेले. पोर बापाच्या खांद्यावर झोपलं होतं, बूट आईच्या हातात होते. म्हाताऱ्यांनी अशा आईबापांना काय म्हणावं, असं विचारलं. जानकी उठली.

बाहेर येऊन दोघं बसस्टॉपवर उभी राहिली. साकीनाक्याकडे जाणारी एक बस त्यांनी सोडली. पाय दुखतोय का, असं दशरथने विचारलं. तिने नाही म्हटलं.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "आता पुन्हा यायचं नाही इथे."

जानकी रस्त्याकडे बघत होती.

"एक चापट जरी मारली असती ना त्यांनी," ती म्हणाली, "तर मी माझं पोर तिथूनच परत घेऊन आले असते."